मासेमारीचा पोशाख पाण्याचा विचार करून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला नॉर्वेच्या मासेमारी सहलींवरचा लेख इथे ओलेसुंडला लेकीच्या घरी बसून वाचला. लेख वाचनीय आहे, कॉड माशांचे फोटो तर फारच छान. पण त्यातलं एक वाक्य काही डोक्यातून जाईना. 'होडीवर सगळ्यांना लाइफ जॅकेट देतात, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही', असं लेखक म्हणतात. शेजारच्या फोटोत एक मराठी कुटुंब आहे. जीन्स, लोकरीचे स्वेटर, त्यावर पिसं भरलेली फुगीर जॅकेटं आणि त्यावर बक्कल न लावलेली नारिंगी लाइफ जॅकेटं. महिना मार्चचा. हा फोटो बघून आणखी चार कुटुंबं तशीच नटून निघतील, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी मूळचा देवगडचा. घरात होडी होती, त्यामुळे समुद्राची ओळख शाळेच्या आधीची. पुढे सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये झाली, चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झालो. आता वर्षातले काही महिने इथे असतो आणि जावयाच्या छोट्या होडीतून गळ टाकतो. उन्हाळ्यात इथे मॅकेरल लागतो, म्हणजे आपल्या बांगड्याचा गोरा चुलतभाऊ. तिरफळं घातलेलं त्याचं तिखलं इथल्या शेजाऱ्यांनाही आवडतं. तेव्हा मासेमारीला जाऊ नका असं सांगणारा मी शेवटचा माणूस. जाताना अंगावर काय चढवता, एवढाच माझा मुद्दा आहे.

कोकणातल्या माणसाची इथली पहिली अडचण ही, की त्याला पोहता येतं. आमच्याकडे समुद्राचं पाणी २५ ते ३० अंशांच्या घरात असतं. होडी उलटली तर माणूस फळी धरून तासन्‌तास तग धरतो, आणि मग गावात वर्षानुवर्षं त्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. इथे मार्चमध्ये पाणी ५-६ अंशांवर असतं आणि भर उन्हाळ्यातही १३-१४ च्या फारसं वर जात नाही. १५ अंशांखालचं पाणी अंगाला एकदम लागलं की पहिल्यांदा छाती हवा ओढते. आपण ओढत नाही, ती आपोआप ओढली जाते. नेमकं त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. मग एक-दोन मिनिटं धाप आवरत नाही, नाडी आणि रक्तदाब उसळतात. ज्यांच्या खिशात बीपीच्या गोळ्या असतात त्या आमच्या वयाच्या मंडळींचं तिथेच संपू शकतं. पोहण्याची वेळच येत नाही.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले प्रा. गॉर्डन गिसब्रेख्त यांनी हे सगळं तीन आकड्यांत बसवून ठेवलंय: १-१०-१. श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातापायांकडून काही काम करून घ्यायला सुमारे १० मिनिटं, आणि गारठ्याने शुद्ध हरपायला सुमारे १ तास. आकडे ढोबळ आहेत, पाणी आणि माणूस बदलला की मागेपुढे होतात. पण त्यातला क्रम बघा. लोकांना भीती असते ती शेवटच्या तासाची, थंडीने गोठून मरण्याची. प्रत्यक्षात बहुतेक माणसं त्या तासापर्यंत पोचतच नाहीत. ती पहिल्या मिनिटात गुदमरतात, नाहीतर दहा-पंधरा मिनिटांत बोटं आणि दंड निकामी झाले की होडीपासून चार हातांवर बुडतात. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे प्रा. माइक टिप्टन यांनी अनेक वर्षं याच विषयावर काम केलंय, आणि तिथली लाइफबोट संस्था आरएनएलआय लोकांना सांगते तेही हेच: पडलात तर आधी पोहू नका, तरंगा.

एवढं सांगितलं की कुणीतरी आइसलँडच्या गुडलॉगुर फ्रिडथोरसनचा दाखला काढतंच. मार्च १९८४ मध्ये वेस्टमन बेटांजवळ त्याची मासेमारी बोट उलटली. ५-६ अंशांच्या पाण्यात तो पाच-सहा तास पोहला, मग अनवाणी लाव्हाच्या दगडांवरून चालत गावात पोचला. गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मात्र बोटीवर एकूण पाच जण होते, बाकीचे चौघे गेले, आणि त्याच्याबरोबर पोहायला लागलेले दोघे थोड्याच वेळात दिसेनासे झाले, हे सांगायचं राहून जातं. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा त्याच्या अंगावरचा चरबीचा थर इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट जाड निघाला. मला विचाराल तर हे उदाहरण पोहण्याच्या बाजूचं नाहीच.

त्याच्या समोर मी व्हिटबीचं उदाहरण ठेवतो. फेब्रुवारी १८६१ मध्ये इंग्लंडच्या त्या बंदरात लाइफबोट उलटली, १३ पैकी १२ जण बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन, आणि त्या बोटीवर नव्या पद्धतीचं बुचाचं जॅकेट घातलेला तो एकटाच होता. बाकीचे काही कच्चे दर्यावर्दी नव्हते.

आता पोशाखाकडे येतो. जहाजावर आमच्याकडे इमर्शन सूट असायचे. नारिंगी, पायापासून डोक्यापर्यंत एकसंध, हातांना तीन बोटांचे मोजे. दोन मिनिटांत अंगावर चढला पाहिजे असा नियम आणि त्याचं ड्रिल. उष्णतारोधक सूट असेल तर शून्य ते दोन अंशांच्या पाण्यात सहा तास राहूनही शरीराचं आतलं तापमान दोन अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नये, ही त्याची परीक्षा. जीव वाचवायला याहून चांगला कपडा नाही. पण तो घालून गळाला आमिष लावून दाखवा! ते कपडे जहाज सोडताना घालायचे असतात, काम करताना नव्हे. दुसऱ्या टोकाला साधं लाइफ जॅकेट. ते तरंगवतं, पण अंग उघडं पाण्यात राहतं. छोट्या होडीतून मासे धरणाऱ्यासाठी या दोन्हींच्या मधला कपडा म्हणजे फ्लोटेशन सूट. बाहेरून जाड, वारा-पाऊस अडवणारं कापड आणि आत बंद पेशींच्या फोमचा थर. हा फोम पाणी पीत नाही, म्हणून तरंगवतो. त्यात हवा कोंडलेली असते, म्हणून ऊबही देतो. एकाच थराकडून दोन कामं करून घेतली आहेत, इंजिनीअर म्हणून मला ही गोष्ट फार आवडते.

पण दुकानात उभं राहिल्यावर माणूस काय बघतो? किती उबदार आहे, खिसे किती, रंग कसा. आमच्या जावईबापूंनी पन्नास अभिप्राय वाचून सूट मागवला आणि आला तो काळाकुळकुळीत. दिसतो झकास. राखाडी लाटांमध्ये काळ्या कपड्यातल्या माणसाचं डोकं, म्हणजे सीलचं डोकं की तरंगता बोया हेही शंभर मीटरवरून कळायचं नाही. नारिंगी, पिवळा, भडक लाल, यापलीकडे रंगाचा विचारच करू नये. खांद्यावर आणि टोपीवर प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या हव्यात, कारण पाण्यात तेवढाच भाग वर राहतो. जावयाचा सूट आता अंगणातला बर्फ उपसायला वापरतात.

त्यानंतर लेबल. ते सहसा आतल्या बाजूला असतं आणि कुणी वाचत नाही. त्यावर दोन प्रकारचे आकडे शोधावेत. आयएसओ १२४०२ हा तरंगण्याचा दर्जा आणि आयएसओ १५०२७ हा थंड पाण्यापासूनच्या संरक्षणाचा. चांगल्या सूटवर दोन्ही असतात. नुसतं 'फ्लोटिंग' किंवा 'थर्मल' असं मोठ्या अक्षरांत छापलंय आणि यातलं काहीच नाही, तर तो थंडीतला कोट समजावा, समुद्रावर त्याचा उपयोग धरू नये. बहुतेक फ्लोटेशन सूटवर ५० न्यूटन असा आकडा दिसेल. १० न्यूटन म्हणजे साधारण एक किलोची उचल, म्हणजे हा कपडा तुम्हाला सुमारे ५ किलो वर उचलतो. ऐकायला कमी वाटतं, पण माणसाचं शरीर मुळात जवळपास तरंगतंच. डोकं पाण्याबाहेर ठेवायला जेवढी उचल लागते तेवढी यात मिळते, जोवर तुम्ही शुद्धीवर आहात तोवर.

यातली अट नीट समजून घ्यावी. लाइफ जॅकेटची उचल छातीवर आणि मानेमागे असते, म्हणून १५० न्यूटनचं जॅकेट बेशुद्ध माणसालाही उताणं करून तोंड वर ठेवू शकतं. फ्लोटेशन सूटची उचल सगळ्या अंगभर वाटलेली असते, पायांतसुद्धा. म्हणून तुम्ही आडवे तरंगता. पालथे पडलात आणि शुद्ध नसेल तर पालथेच तरंगाल. सूट तुम्हाला उलटवणार नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. गेल्या मे महिन्यात धक्क्यावरून मुद्दाम उडी मारून पाहिलं. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वर शेजाऱ्याच्या हातात. हा शेजारी जुना मच्छीमार, बोलतो कमी. लेक धक्क्यावर घड्याळ घेऊन उभी होती आणि मोठ्यांदा माझं वय सांगत होती. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते हे की पाणी आत येतं. फ्लोटेशन सूट जलरोधक नसतो. मानेतून, मनगटातून गार पाणी सरकत येतं आणि पाठीवरून उतरतं. पण ते हळूहळू येतं, आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा उपकार. सगळ्या अंगाला एकदम पाणी लागलं नाही, म्हणून छातीने हवा ओढली पण आवरता आली. आत आलेलं पाणी फोममुळे अंगाशी धरून राहिलं आणि जरा कोमट झालं. मग पाय आपोआप वर आले. उभं राहावं म्हटलं तर जमेना, गुडघे पोटाशी घ्यायला बरीच झटापट करावी लागली. लाटेकडे पाठ करायची तर हातांनी वल्हवत फिरावं लागलं. टोपी आधीच चढवली होती ते बरं, कारण काही मिनिटांनी बोटांना बक्कल लागेना. शिट्टी सापडली ती दोरीने छातीशी बांधलेली होती म्हणून. खिशात असती तर खिशाची चेन मला उघडली नसती.

आणि चढायला लागल्यावर खरा हिसका बसला. लोक म्हणतात बुटात पाणी भरलं की माणूस खाली ओढला जातो. नाही ओढला जात, पाण्यात पाण्याला वजन नसतं. पण शिडीच्या पहिल्या पायरीवर कंबर पाण्याबाहेर आली की सूटमधलं, बुटातलं सगळं पाणी तुमच्या अंगावर लादलेलं असतं. शेजाऱ्याने दोर ओढला नसता तर मी अजून तिथेच लटकत असतो. म्हणून होडीवर चढताना, तुमची असो वा भाड्याची, पाण्यातल्या माणसाला स्वतःच्या हाताने खाली ओढता येईल अशी शिडी आहे का हे आधी बघावं. वर दुमडून, दोरीने आवळून बांधलेली शिडी होडीतल्या माणसाच्या कामाची आहे, पाण्यातल्याच्या नाही. आणि कुणाला पाण्यातून काढलंच, तर शक्यतो आडवं उचलावं, काढल्यावर आडवंच ठेवावं. बराच वेळ गार पाण्यात राहिलेला माणूस उभा केला तर रक्तदाब एकदम उतरून कोसळू शकतो.

सूट एका तुकड्याचा घ्यावा की दोन तुकड्यांचा, यावर इथे घराघरांत वाद आहेत. एका तुकड्याचा पाण्यात बरा, कमरेतून पाणी शिरत नाही. बायकांना मात्र होडीवर दिवसभर एका तुकड्यात काढणं म्हणजे शिक्षाच, आणि हे पुरुष दुकानदाराच्या लक्षात येत नाही. माझी लेक दोन तुकड्यांचा वापरते. तिच्या जॅकेटला मांड्यांमधून घ्यायचा पट्टा आहे. तो लावला नाही तर पाण्यात जॅकेट वर सरकून कानांपर्यंत येतं आणि माणूस खालीच राहतो. दोन तुकड्यांचा खरा धोका वेगळा आहे. ऊन पडलं की लोक जॅकेट काढून ठेवतात आणि नुसत्या विजारीवर बसतात. त्या विजारीत फोम आहे. असा माणूस पडला तर पाय वर आणि डोकं खाली. त्यापेक्षा दोन्ही काढलेलं परवडलं, पण त्याहून बरं म्हणजे आत कमी कपडे घालून सूट बंद ठेवणं.

आत काय घालावं याबद्दल आपल्याकडच्या लोकांचा हात सैल असतो. सूटखाली स्वेटरवर स्वेटर चढवतात, मग धक्क्यावर सामान उचलतानाच घाम येतो, आणि घामाने ओला झालेला माणूस समुद्रावर वारा लागताच कुडकुडतो. अंगालगत पातळ लोकर, फारतर त्यावर एक फ्लीस. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स घरी ठेवा. ओलं सूत अंगातली ऊब शोषून घेतं आणि वाळत नाही. माप घेताना हेच आतले कपडे घालून जावं, दुकानात उकिडवं बसून बघावं, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत. मानेशी आवळतंय का, मनगटाच्या निओप्रीनच्या पट्ट्या घट्ट बसतात का, घोट्याला आवळायचे पट्टे आहेत का. 'जरा ढगळ असू दे, मुलगा वाढेल' हा आपला शाळेच्या गणवेशाचा हिशेब इथे चालत नाही. ढगळ सूटमध्ये पाणी सतत आत-बाहेर करतं आणि कोमट झालेलं पाणी दर लाटेला धुऊन जातं. लहान मुलांना तर नुसत्या सूटवर सोडूच नये. मानेमागे कॉलर आणि मांड्यांमधून पट्टा असलेलं, त्यांच्या वजनाचं लाइफ जॅकेट वरून हवंच.

मोठ्यांनीही सूटवर लाइफ जॅकेट घालावं, असं माझं मत आहे. इथल्या बऱ्याच मंडळींना ते पटत नाही. सूट तरंगवतोय, मग आणखी ओझं कशाला, असं म्हणतात. माझं उत्तर वर आलंच आहे, पालथ्याला उताणं करायला. फक्त दोन गोष्टी पाळाव्यात. गॅसने फुगणारं जॅकेट कायम सूटच्या बाहेरून घालावं. आत घालून फुगलं तर छाती आवळेल. आणि सूटच्या उचलीवर मात करून माणसाला उलटवायचं असतं, म्हणून जाड सूटवर २७५ न्यूटनचं जास्त भरवशाचं. १५० न्यूटनची जॅकेटं साध्या कपड्यांवर जशी काम करतात तशी फोमच्या सूटवर करतीलच असं नाही. फुगणाऱ्या जॅकेटमधली गॅसची नळी हाताने फिरवून घट्ट आहे ना हे दर मोसमात बघावं, यंत्रणेवरची मुदतीची तारीख वाचावी. एकदा फुगलेल्या जॅकेटमध्ये जुनीच रिकामी नळी तशीच राहिलेली मी पाहिलीय. ते महिनोन्‌महिने खुंटीला ऐटीत लटकत होतं.

नॉर्वेत १ मे २०१५ पासून नियम आहे: ८ मीटरपेक्षा लहान हौशी होडी चालू असताना प्रत्येकाच्या अंगावर तरंगवणारं साधन हवं. नियम चांगलाच आहे. पण 'चालू असताना' हे शब्द बघा. मासे धरायला आपण इंजिन बंद करून होडी प्रवाहावर सोडतो. तेव्हाच माणूस उभा राहतो, वाकतो, मासा जाळीत घ्यायला काठावरून झुकतो, आणि पुरुष मंडळी आणखी एका कामासाठी काठावर उभी राहतात, ते इथे लिहीत नाही. पडण्याची कितीतरी कारणं या थांबलेल्या वेळेतली आहेत आणि नेमकं तेव्हाच लोक 'आता थांबलोय ना' म्हणून बक्कल सोडतात. फोटोतली बक्कलं बहुधा अशीच सुटली असतील.

पर्यटकांनी सूट विकत घेण्याची गरज नाही. मासेमारीच्या कॅम्पांवर होडीबरोबर सूट भाड्याने मिळतात, काही ठिकाणी भाड्यातच धरलेले असतात. प्रश्न असतो तो, कोपऱ्यातल्या ढिगातून कुठला उचलायचा. कितीतरी हंगाम अंगावर बसून, घडी घालून, वर सामान रचून फोम चपटा झालेला असतो. खांद्याचा आणि बसण्याचा भाग चिमटीत धरून बघा, दोन्ही ठिकाणी जाडी सारखी लागली पाहिजे. चेन खालपासून वरपर्यंत एकदा स्वतः ओढा. खाऱ्या पाण्याने धरलेली चेन गळ्याशी अडकते आणि 'राहू दे एवढी उघडी' म्हणून माणूस निघतो. तेवढ्या उघड्या चेनीतून सगळा समुद्र आत येतो. शिट्टी आहे का बघा, नसेल तर मागा. देणारा कंटाळेल, कंटाळू दे. आणि मोबाइल पाण्यात चालेल या भ्रमात राहू नका. होडीवरचा बिनतारी संच, म्हणजे व्हीएचएफ रेडिओ, आणि त्यावरची मदत मागायची १६ नंबरची वाहिनी कशी वापरायची हे धक्का सोडायच्या आधी होडीतल्या किमान दोघांना यायला हवं.

आपल्याकडची काही मुलं पोटासाठी ब्रिटन-आयर्लंडच्या ट्रॉलरवर जातात, त्यांच्याबद्दल एक परिच्छेद जास्तीचा. ही हौस नव्हे, कामाची जागा आहे. जाळं ओढणाऱ्याला जाड सूट घालून दिवसभर राबता येत नाही, म्हणून तिथे तेलकापडावर पातळ, अंगासरशी बसणारं लाइफ जॅकेट वापरतात. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१८ पासून, पाण्यात पडण्याचा धोका दुसऱ्या उपायांनी दूर केलेला नसेल तर उघड्या डेकवर तरंगवणारं साधन अंगावर असणं बंधनकारक आहे. मालकाकडे ते मागताना संकोच करू नये, मागणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. दलालाने दिलेल्या यादीत 'गरम कपडे' एवढंच लिहिलेलं असेल तर निघण्याआधीच विचारा, जॅकेट कोण देणार. मुंबईत बचावाचा कोर्स आम्ही सगळ्यांनीच केला, तलावात उड्या मारल्या, प्रमाणपत्रं घेतली. पण ते पाणी कोमट होतं, पोरांनो.

घरी स्वतःचा सूट असेल तर आल्यावर गोड्या पाण्याने धुवावा, रुंद हँगरवर सावलीत टांगावा. वॉशिंग मशीनमध्ये टाकण्याआधी लेबल वाचावं, बहुतेकांवर नकोच लिहिलेलं असतं.

पुण्याहून लेकीच्या एका मैत्रिणीने विचारलं म्हणून शेवटी हेही लिहितो. फुगणारं लाइफ जॅकेट भारतातून नेता येतं का? विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रवाशाला असं जॅकेट नेण्याची मुभा आहे. त्यात बसवलेल्या जास्तीत जास्त दोन छोट्या गॅसच्या नळ्या आणि वर दोन सुट्या चालतात, पण विमान कंपनीची आगाऊ मंजुरी लागते. ती लेखी घ्यावी, छापून जॅकेटबरोबर ठेवावी, आणि विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या माणसाला नळी काय आहे ते बॅग उघडण्याआधीच सांगावं.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त चीफ इंजिनीअर, देवगड
(सध्या मुक्काम ओलेसुंड, नॉर्वे)